पानांचं ओझं

१

फोन आला तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत होते. डिसेंबरचे दिवस होते. साताऱ्याच्या गोडोलीतल्या आमच्या घरात सकाळी पुढच्या खोलीत ऊन येतं, तिथे वर्तमानपत्र पसरून बसले होते. हरणाबाई फरशी पुसता पुसता तिच्या जावेची गाऱ्हाणी सांगत होती. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणं लावून गेला, तेवढा वेळ ती थांबली आणि मग सोडलेल्या वाक्यापासून पुन्हा सुरू झाली.

नंबर परदेशातला होता. माझा नवरा सुमंत पेरूला गेल्यापासून तसे नंबर यायचे. पलीकडे तो राहत होता त्या केंद्रातली बाई होती. ती सावकाश इंग्रजी बोलत होती. रात्रीचा विधी झाला, सगळे झोपले. पहाटे सुमंत त्याच्या अंथरुणावर नव्हता. चपला नदीकाठी सापडल्या, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या. होड्या घेऊन माणसं गेली आहेत. अजून काही मिळालं नाही.

मी तिचे आभार मानले, फोन ठेवला आणि पुढची शेंग हातात घेतली.

"सायबांचा व्हय?" हरणाबाईने विचारलं. "बरं हायत न्हवं?"

"पाण्यात गेलेत," मी म्हणाले.

"या थंडीत?" ती म्हणाली. "जाऊ द्या. हौस फिटू द्या त्यांची."

मी उरलेल्या शेंगा सोलल्या. दाणे डब्यात भरले, टरफलं गाईसाठी वेगळी ठेवली. हरणाबाई निघून गेल्यावर सांगलीला दादांना फोन केला. दादा म्हणजे विष्णुपंत, सुमंतचे थोरले भाऊ.  मागे वहिनींच्या मिक्सरचा आवाज येत होता, तो बंद झाला.

२

सुमंत पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता. पाण्याची पातळी मोजण्यात त्याचा जन्म गेला. आम्हाला मूल नाही. मुदतीआधीच निवृत्ती घेतल्यावर तो विपश्यनेला जाऊन आला, मग योग, मग उपनिषदं. प्रत्येक ठिकाणाहून तो थोडा नाराज होऊन परतायचा. मग कुठेतरी त्याने त्या वेलीबद्दल वाचलं. पेरूच्या जंगलात एक वेल आणि एका झुडपाची पानं दिवसभर उकळून काढा करतात. रात्री अंधारात बसून तो प्यायचा, आधी पोटातलं सगळं उलटून पडतं. म्हातारा वैदू गाणी म्हणत राहतो आणि माणसाला दिसायला लागतं.

वाईला त्याचे एक वैद्य मित्र आहेत. ते हसून म्हणाले होते, "वांत्या करायला एवढ्या लांब कशाला? मी गेळफळ देतो. सकाळी घे, दुपारी घरी."

सुमंतही हसला, पण तिकीट काढून मोकळा झाला. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "एकदा स्वतःला बाहेरून बघायचंय." मी म्हटलं, आरसा आहे की. त्याने मान हलवली. आमचं बोलणं साधारण असंच असायचं.

दादा आणि राजेश्वरीवहिनी त्याच दिवशी सांगलीहून आले. पुढचे दिवस फोनवर गेले. दूतावासातले लोक सभ्यपणे बोलायचे. केंद्रातली बाई रोज तेच सांगायची: तिथली नदी फार रुंद आहे, पलीकडचा काठ दिसत नाही, पाण्याला ओढ आहे. आठवड्याने होड्या परत आल्या.

दादांनी गुरुजींना बोलावलं. देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. पालाशविधी. मी तो शब्द ऐकून होते, पाहिला कधी नव्हता. गुरुजी म्हणाले, नुसता बेपत्ता असेल तर बारा वर्षं वाट पाहायची असते. पाण्यात गेल्याची खात्री असेल तर लगेच करता येतो. खात्री मात्र घरच्यांनी द्यायची.

"चपला काठावर आहेत, गुरुजी," दादा म्हणाले. "आणखी कसली खात्री? कृष्णाकाठी जन्म गेला आमचा. पाण्यात गेला तो गेला." मग माझ्याकडे वळून ते मऊपणाने म्हणाले, "क्षमा, बारा वर्षं तू अशी अधांतरी राहायचं म्हणतेस का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला काहीच वाटत नव्हतं. बधिर झालेल्या दाढेवर जीभ फिरवावी तसं होत होतं.

"करा," मी म्हणाले, आणि कुणाकुणाला चहा हवाय ते विचारलं.

३

विधी सांगलीजवळ हरिपूरला, संगमावर झाला. पानं हरणाबाईने उंब्रजकडच्या तिच्या माहेरच्या माळावरून पोत्यात भरून, देठांसकट आणवली होती.

गुरुजींनी सुमंतची उंची विचारली आणि काळविटाच्या कातड्यावर पानं मांडायला सुरुवात केली. डोक्याला इतकी, गळ्याला इतकी, छातीला, हातांना, प्रत्येक बोटाला. ती दर्भाच्या दोरीने बांधत ते खाली खाली येत होते. डोक्याच्या जागी नारळ. केसांना वडाच्या पारंब्या, डोळ्यांना कवड्या, दातांना डाळिंबाचे दाणे. वरून सातूच्या पिठाचा लेप. मी लांब पायरीवर उभी होते. एखादा कारागीर टोपली विणतो तसं मी ते बघत होते. कुठे चुकतंय का, एवढंच मनात येत होतं. डावा खांदा जरा उतरता हवा, असं वाटलं. सुमंतचा तसा होता. मी बोलले नाही, पण गुरुजींनी तो उतरताच बांधला.

धोतराने झाकून तो बांबूच्या तिरडीवर ठेवला. पानांचाच तो. एका हाताने उचलता आला असता. पण रीत म्हणून चौघे पुढे झाले, दादा डोक्याकडे.

चौघांनी तिरडी उचलली आणि चौघांचे गुडघे वाकले.

तिरडी पुन्हा खाली टेकली. दादांचा हात बांबूखाली आला. त्यांनी ओठ दाबून धरले, नखातून रक्त आलं.  गुरुजी म्हणाले, दर्भ ओला आहे, त्याचं वजन आहे. दर्भ सकाळपासून माझ्यासमोर उन्हात पडला होता. पण पिठाचा लेप ओला होता, तेही खरं. मी लेपाचं कारण धरून ठेवलं.

दुसऱ्यांदा त्यांनी दम धरून उचलली. अग्नी दिला तेव्हा चार वाजले असतील. पाला भसकन पेटेल असं वाटलं होतं, पण तो सावकाश जळत राहिला. ऊन उतरलं तरी जळतच होता. शेवटी गुरुजींनी काठीने राख उकरली, वाकून पाहिलं, काहीतरी उलटं केलं आणि पुन्हा राखेने झाकलं. मग ते पाण्याकडे गेले आणि बराच वेळ हात धूत बसले.

४

तेरावा करून मी साताऱ्याला परतले. मंगळसूत्र काढून कपाटात ठेवलं होतं. हरणाबाई माझ्या गळ्याकडे बघायची नाही, तेवढंच.

आठवड्याभरात त्याच परदेशी नंबरवरून फोन आला. मी उचलला.

"क्षमा," सुमंत म्हणाला.

मी पलंगाच्या कडेवर बसले. पलीकडे पक्षी ओरडत होते.

"दादाचा हात कसा आहे?" त्याने विचारलं. "नखाला लागलं होतं ना?"

"बरा आहे," मी म्हणाले.

त्यानंतर केंद्रातल्या बाईने फोन घेतला. ती रडत होती. नदीच्या बऱ्याच खाली, एका कोळ्यांच्या वस्तीजवळ तो काठावर सापडला होता. त्यांना आधी मेलेलाच वाटला. ताप होता, बोलत नव्हता. होडी मिळेपर्यंत इतके दिवस गेले. अशक्त आहे, पण चालतोय. मी विचारलं, सापडला कधी? तिने तारीख सांगितली. पहाटेची वेळ, ती म्हणाली. तिथे पहाट असते तेव्हा आपल्याकडे दुपारचे चार-साडेचार वाजलेले असतात. तारीख हरिपूरची होती.

फोन ठेवल्यावर मी खोलीतल्या वस्तू एकेक बघितल्या. पंखा, कॅलेंडर, त्याचा चष्म्याचा डबा. दादांच्या नखाचं मी त्याला सांगितलं असेल. बोलता बोलता तोंडून निघून गेलं असेल. तो बोलला ती तीन वाक्यं मी मनात पुन्हा पुन्हा लावून पाहिली. त्यात माझं सांगणं कुठे बसत नव्हतं.

दादा मात्र फोनवर लहान मुलासारखे रडले.

५

ज्याचे अंत्यविधी झाले तो माणूस परत आला, तर त्याला तसाच घरात घेत नाहीत. हे आम्हाला गुरुजींनी तेव्हा सांगितलं. त्याचा जन्म पुन्हा व्हावा लागतो. मग नाव, मग मुंज, आणि मग स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न. तोपर्यंत तो कुणाचा कुणी नसतो.

म्हणून दादांनी त्याला विमानतळावरून थेट सांगलीला नेलं आणि घरात न घेता मागच्या दाराने परसात आणलं. ओळखीच्या गुऱ्हाळातून गुळाची रिकामी काहील मागवली होती. तीत त्याला गुडघे पोटाशी घेऊन बसवलं. मुठी मिटलेल्या, डोळे मिटलेले, बोलायचं नाही. पोटातलं बाळ बसतं तसं. गुरुजींनी मंत्र म्हणत त्याच्या डोक्यावर पातळ केलेलं तूप ओतलं.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असं. तुपाने चकचकीत झालेला, काहिलीत मावलेला. चेहरा सुमंतचा होता. डावा खांदा उतरता होता. मी पुन्हा पुन्हा बघत राहिले आणि मला कुठेही फरक सापडला नाही.

दादांनी वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं. राजेश्वरीवहिनी वातावरण हलकं करायला म्हणाल्या, "भाऊजी, आता बाळगुटी उगाळू का?" सगळे हसले. दादा डोळे पुसत हसले, गुरुजीही हसले.

तो हसला नाही. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग हसला. तोवर बाकीच्यांचं हसून झालं होतं.

पौष लागत होता, म्हणून लग्नाचा मुहूर्त माघातला निघाला. तोपर्यंत हे तुमच्या घरी पाहुणे, असं गुरुजी मला म्हणाले. आणि आणखी एक बोलले, दादा लांब गेल्यावर, खालच्या आवाजात. "बाई, लग्न लागलं की हे झाले तुमचे. मग मागे काही शिल्लक राहत नाही. विचार करायचा तो आधी करा."

६

साताऱ्यात मी या पाहुण्यांना पलीकडची खोली दिली. मी लिहायला बसते त्या खोलीला लागूनच ती आहे, मध्ये फक्त भिंत. आम्ही पहिल्यापासून एकमेकांना अरे-तुरे करत आलो. आता तोंडातून 'तुम्ही' येऊ लागलं. त्यांना ते खटकलं नाही.

तक्रार करावी असं त्यांच्यात काही नव्हतं. सांगितलं की जेवायचे. वर्तमानपत्र धरायचे. पाणी कुठे ठेवलेलं असतं ते मात्र रोज विचारायचे. हे घर सुमंतने स्वतः कागदावर आखून बांधून घेतलेलं. डॉक्टर म्हणाले, धक्का आहे, उपासमार झालीय, आठवेल हळूहळू. मला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

हरणाबाई तर खूश होती. "सायेब लय सुधारल्यात बगा," ती म्हणाली. "आधी चा गार झाला की केवढं वरडायचे. आता कप दिला की हात जोडत्यात." जरा थांबून तिने पोछा पिळला. "बसत्यात मातुर लय येळ. उनात. खुर्ची बी सरकवत्यात ऊन सरकल तशी."

दुपारी जेवणानंतर ते पडायचे, तेव्हा मी टेबलाशी असायचे. भिंतीपलीकडे ते कूस बदलायचे आणि तो आवाज यायचा. पत्रावळींचा गठ्ठा सोडताना येतो तसा, कोरडा, चुरचुरणारा. मी चादर बदलली. खळ घातलेली होती, म्हणून असेल. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली चादर घातली. दुसऱ्या दिवशी लिहायला बसले. त्यांनी कूस बदलली. मी पेन खाली ठेवलं आणि आवाज संपेपर्यंत थांबले. बराच वेळ लागला.

माघ जवळ येत होता. दादांचा रोज फोन यायचा, मंगळसूत्र तेच घ्यायचं की नवं करायचं म्हणून. मला ठरवायचं होतं ते एवढंच, की हा माझा नवरा आहे का. दिवसभर मी हो म्हणायची कारणं गोळा करायचे आणि ती पुष्कळ मिळायची. चेहरा, आवाज, खांदा, पासपोर्ट.

एका दुपारी ते मागच्या दारी उन्हात बसले होते. पाय पाण्याच्या बादलीत होते. मी शेजारी पायरीवर बसले आणि विचारलं, त्या रात्री तिथे काय दिसलं?

"नदी," ते म्हणाले. "घाट होता. तू पायरीवर उभी होतीस, लांब. दादा डोक्याशी होता. मला उचललं."

"ते नंतर झालं. तुम्ही काढा घेतलात त्यानंतर बऱ्याच दिवसांनी."

"असेल."

"त्याच्या आधीचं काय आठवतं?"

त्यांनी खरंच विचार केला. बादलीतले पाय हलले नाहीत. "आधीचं तुम्ही सगळ्यांनी सांगितलंय," ते म्हणाले. "मी लक्षात ठेवलंय."

कावळे ओरडत होते. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"स्वतःला बाहेरून बघायचं होतं ना," मी म्हणाले. "बघितलं?"

"मी नाही. त्याने मला बघितलं." ते शांतपणे म्हणाले. "तो पाण्यात उभा होता, कमरेइतक्या. सारखा तुझ्याकडे बघत होता. हाका मारत होता, पण तू बघितलं नाहीस. मग तुम्ही मला पेटवलंत."

मी उठले. चहा करू का, म्हणून विचारलं. त्यांनी हात जोडले.

७

लग्न सांगलीला, दादांच्या गावभागातल्या घरी माजघरात लागलं. घरचीच माणसं होती. वहिनींनी माझ्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या आणि म्हणाल्या, "बाई गं, एकाच नवऱ्याला दोनदा पत्करणारी तू पहिलीच. आम्हाला एकदाच पुरे झालं." मी हसले. मी येणार नाही असं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि येईन असंही मनाशी म्हटलं नव्हतं. गाडी आली, मी बसले.

ते भिंतीतल्या कपाटाला पाठ लावून उभे होते. जागा अरुंद, त्यांच्या पाठीमागे हात घालायलाही फट नव्हती. आमच्या मध्ये अंतरपाट धरला, एक टोक दादांकडे, एक गुरुजींकडे. वहिनी मंगलाष्टकं म्हणू लागल्या. त्यांचा आवाज अजून चांगला आहे. माझ्या हातात झेंडूचा आणि शेवंतीचा हार होता. अक्षता अधूनमधून केसांवर पडत होत्या.

नवरी खाली बघते, तसं मी खाली बघितलं.

अंतरपाटाच्या खालच्या काठाखाली त्यांची पावलं दिसत होती. स्वच्छ, कोरडी, एकमेकांना समांतर.

त्यांच्या मागे आणखी दोन पावलं होती.

घोट्यापर्यंत राखाडी गाळ लागलेली. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. त्याच अंगठ्याचं नख अर्धं काळं, धरणावर लोखंडी झडप पडली होती तेव्हापासूनचं. सुमंतची पाठ धरली होती त्या वर्षी ती नखं मी कापायचे, मांडीवर पाय घेऊन. ती पावलं नीट उभी नव्हती. फार चालून आलेला माणूस उभा राहतो तशी, एक जरा पुढे, भार दुसऱ्यावर. त्यांच्याभोवती पाणी साचलं होतं आणि फरशीच्या उतारावरून ते हळूहळू माझ्याकडे येत होतं.

मी वर बघितलं नाही. वर नुसतं कापड होतं, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. वहिनींचा आवाज चढला, ताशा नव्हता म्हणून कुणीतरी ताट वाजवलं. गुरुजींनी अंतरपाट सोडण्याआधी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग दादांनी तो ओढून घेतला.

समोर ते उभे होते, मागे कपाट. ते बाकीच्यांच्या तोंडाकडे बघून हसले आणि हारासाठी त्यांनी मान पुढे वाकवली. दादांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "घाल, क्षमा," ते म्हणाले. "घाल ना आता."

पायाच्या बोटांना गार लागलं. मी खाली बघितलं नाही.

हार माझ्या हातात होता. तो मी घातला नाही.